बारा अक्षरांचा डाव

नेरूळच्या त्या सोसायटीत क्षिप्राबाई सबनीसांशी वाकड्यात शिरायची हिंमत एका जाहिदाखेरीज कुणाची नव्हती. चेअरमन त्यांना वचकून असायचे, वॉचमन त्यांची चाहूल लागली की खुर्चीतून उठायचा, आणि नवऱ्याचं तर विचारूच नका. सबनीस हा गृहस्थ वाद कसा घालतात तेच विसरून गेला होता. विचारलेल्या प्रश्नाला तो हो म्हणायचा आणि न विचारलेल्यालाही. बाई मूळच्या इंदूरच्या. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर समोर वर्ग उरला नाही म्हणून त्यांनी सोसायटीचाच वर्ग करून टाकला.

हा वर्ग दर रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये भरायचा. पांढऱ्या फळ्यावर लोहचुंबकाची इंग्रजी अक्षरं चिकटवायची आणि त्यांतून निघतील तेवढे इंग्रजी शब्द शोधायचे. फळ्यावर एखादं अक्षर एकदाच असेल तर शब्दातही ते एकदाच यायला हवं. साध्या शब्दाला एक मार्क. अक्षरांत जे सगळ्यांत अडेलतट्टू असेल, क्यू किंवा झेड किंवा जे, ते वापरून दाखवलं तर दुप्पट मार्क. खेळायला सगळे येत आणि जिंकत क्षिप्राबाई. त्यांच्या तोडीची एकच, दुसऱ्या मजल्यावरची जाहिदा. ती म्हसळ्याची, बँकेतून निवृत्त झालेली, आणि "हा शब्द गेल्या रविवारी तुम्ही मला नाकारला होता" असं तोंडावर सांगणारी.

तर अशा बाईंच्या एकुलत्या एका मुलीने, अबोलीने, शिरवण्याच्या मढव्यांचा मुलगा पसंत केला.

शिरवणं काही लांब नाही. रिक्षाचं मीटर नीट पडायच्या आत येतं. पण क्षिप्राबाईंच्या मनात ते सातासमुद्रापलीकडे होतं. त्यांच्या लेखी तिथे राहायचे ते 'गाववाले'. गळ्यात जाड साखळ्या, दारात पांढऱ्या गाड्या, आणि लग्नापेक्षा हळदीला जास्त माणसं. आपण जिथे राहतो ती जागा या गाववाल्यांच्याच शेतांची होती, हे त्यांना ठाऊक होतं; पण ठाऊक असणं आणि मनाला लावून घेणं यात फरक असतो. मुलगा, शिवतेज, इंजिनियर होता, उरणला बंदरात चांगल्या नोकरीवर होता, आणि अबोलीच्याच कॉलेजात शिकलेला. त्याच्यात खोट काढावी तर सापडेना, आणि याचाच त्यांना जास्त संताप.

त्याच्या घरच्यांत मात्र हव्या तेवढ्या खोटी होत्या. आई पुतळा, सातवी पास. तिची आई धवलारीण होती, म्हणजे आगरी लग्नांत गाणी म्हणून विधी लावणारी बाई, आणि तो गळा लेकीत उतरला होता. मनातल्या मनात क्षिप्राबाई पुतळाला एकेरीतच धरत, म्हणून आपणही तसंच धरू. वडील पंढरी, पाय ओढत चालणारे, मितभाषी. पहिल्या भेटीत चहा पिताना शिवतेजनेच सांगितलं होतं, की जमिनीच्या आंदोलनात बाबा आणि थोरले काका दोघंही जेलमध्ये होते. बाबांचा गुडघा तेव्हाच गेला. काकांना आत ताप आला, बाहेर आल्यावर ते काही दिवसच जगले. हे सांगताना त्याच्या आवाजात अभिमान होता आणि दुःखही होतं. क्षिप्राबाईंनी त्यातलं एवढंच लक्षात ठेवलं, की व्याही जेलमध्ये जाऊन आलेला आहे.

त्यांना हे लग्न मोडायचं होतं. पण स्वतः नाही म्हणून चालणार नव्हतं. अबोली त्यांचीच मुलगी. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी नोंदणी करून मोकळी झाली असती. नकार अबोलीच्याच तोंडून यायला हवा होता. चारचौघांत, डोळ्यांदेखत तिला दिसायला हवं होतं की ही माणसं कुठे आणि आपण कुठे. आईच्या काळजातली भीती अगदी खरी होती, हेही सांगायला हवं. मुलगी त्या घरात गेली की आपल्याला परकी होणार, असं त्यांनी पक्कं धरलं होतं. फक्त त्या भीतीवर त्यांनी जो उपाय काढला तो औषधापेक्षा आजार बरा म्हणावा असा होता.

साखरपुडा सोसायटीच्याच क्लबहाउसमध्ये ठरला. विधीआधी दोन्ही घरांची ओळख व्हावी म्हणून एक खेळ घेऊ, असं क्षिप्राबाईंनी जाहीर केलं. मुलगा आणि मुलगी दोघांच्या नावांची इंग्रजी अक्षरं फळ्यावर लावायची आणि त्यांतून शब्द काढायचे. सगळ्यांना कल्पना गोड वाटली. अबोलीला वाटली नाही. तिने आईला सरळ विचारलं, की पुतळाकाकूंना इंग्रजी येत नाही हे माहीत असून हा खेळ कशाला. क्षिप्राबाई म्हणाल्या, "खेळ आहे गं, परीक्षा थोडीच आहे." तीस वर्षं परीक्षा घेतलेल्या बाईंच्या तोंडी ते वाक्य शोभत नव्हतं.

त्या दुपारी त्यांनी कॉम्प्युटर उघडला. आपण अक्षरं टाकायची आणि त्यांत मावणारे सगळे शब्द समोर येतात, अशी एक वेबसाइट त्यांना माहीत होती. रविवारी त्या ती वापरत नसत, तेवढं इमान त्यांच्यात होतं. पण हा काही रविवार नव्हता. एस, एच, आय, व्ही, टी, ई, जे झाला शिवतेज. ए, बी, ओ, एल, आय झाली अबोली. बारा अक्षरं. बटण दाबलं आणि शब्दांची रांग खाली खाली जातच राहिली. त्यांत लव्ह होता, टेबल होतं, हॉटेल होतं. क्षिप्राबाईंचे डोळे मात्र दुसरंच शोधत होते. व्हाइल, म्हणजे नीच. लोद, म्हणजे किळस करणं. हॉस्टाइल. मग अबॉलिश दिसला आणि त्या खुर्चीत मागे टेकल्या. शिवतेजच्या नावाची पहिली दोन अक्षरं अबोलीच्या नावाला जोडली की मुलगीच रद्द होते. देवानेच खूण दाखवली, असं त्या मनाशी म्हणाल्या. देवाला असले उद्योग नसतात, पण रागावलेल्या माणसाला खुणा हव्या तेव्हा दिसतात.

साखरपुड्याला मुलाकडून वीस माणसं येतील असं ठरलं होतं. आली साठेक. बायका सगळ्या भरजरी, अंगभर सोनं, आणि आल्या आल्या क्लबहाउस आपलंच असल्यासारख्या खाली सतरंजीवर बसल्या. मांडलेल्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. क्षिप्राबाईंनी जाहिदाकडे एक नजर टाकली, तिचा अर्थ 'बघ' असा होता. जाहिदाने मान फिरवली.

खेळ सुरू झाला तेव्हा क्षिप्राबाईंनी नियम सांगितला, की आज फक्त दोन विहिणी खेळतील. पोरांनी मदत करायची नाही. शिवतेजची बहीण स्नेहल फार्मसी शिकलेली होती, ती काही बोलायला उठली, तर पुतळानेच तिला हाताने खाली बसवलं. ती फळ्यासमोर येऊन उभी राहिली, अक्षरं एकदा डावीकडून उजवीकडे पाहिली आणि म्हणाली, की आपल्याला यातलं काही कळत नाही, ताईंनी बोलावं, आपण ऐकू.

क्षिप्राबाईंनी पहिला शब्द लावला, सॉल्ट. अक्षरं टकटक चिकटली. एक मार्क.

पुतळाने विचारलं, म्हणजे काय. क्षिप्राबाई म्हणाल्या, मीठ. पुतळाने क्षणभर डोळे मिटले, आणि तिच्या गळ्यातून जो आवाज निघाला त्याने क्लबहाउसच्या काचा थरथरल्या.

"शिकली सवरली ईन गो, भाजीन मीठ टाकाला ईसरली गो."

सतरंजीवरच्या साऱ्या बायकांनी तीच ओळ उचलून धरली, टाळ्या वाजवल्या. ईन म्हणजे विहीण, हे सांगावं लागलं नाही. मुलीकडचेही हसले. सबनीसांची बहीण, अबोलीची आत्या, तर तोंडाला पदर लावून हसली. क्षिप्राबाईंना वाटलं, जेवणाला नावं ठेवली. जेवण अजून वाढलंही नव्हतं.

त्यांनी टेबल लावला. पुतळाने अर्थ विचारला नाही, टेबल कुणाला कळत नाही.

"टेबलाव बसून जेवते गो, मांडी घालाला गुडगं दुखतान गो."

पुन्हा टाळ्या. क्षिप्राबाईंनी व्हायोलेट लावला. अर्थ सांगितला, जांभळा. अंगावर त्यांच्या जांभळी पैठणी होती, हे त्यांच्या ध्यानात आलं तोवर उशीर झाला होता. जांभळी साडी नेसून विहीण वरणासारखी उकळते, असं काहीसं गाणं झालं. त्यांनी हॉटेल लावला, तर पाहुणे दारात आणि विहीण हॉटेलात, असं गाणं झालं. फळ्याच्या कोपऱ्यात मार्क लिहिले जात होते. मुलीकडचे एकावर एक, मुलाकडचे शून्य. तिकडे कुणी पाहत नव्हतं. जिंकणारा माणूस एकटाच पडतो हे क्षिप्राबाईंनी वर्गात कितीदा मुलांना सांगितलं असेल, पण त्याचा अनुभव त्यांना आज पहिल्यांदा आला.

आणि अबोली हसत होती. हेच त्यांना सहन होईना. लाजेने मान खाली घालायची सोडून ती मुलगी, हातातला गजरा सांभाळत, डोळ्यांत पाणी येईतो हसत होती. शेजारी बसलेली शिवतेजची कुणी मावशी तिला प्रत्येक ओळीचा अर्थ कानात सांगत होती. क्षिप्राबाईंनी राखून ठेवलेले शब्द बाहेर काढले.

त्यांनी हॉस्टाइल लावला. सात अक्षरं.

"म्हंजी काय, ताई?" पुतळाने विचारलं.

"शत्रूसारखं वागणारा," क्षिप्राबाई तिच्याकडे रोखून बघत म्हणाल्या. "वैरी."

अर्थ सगळ्यांना कळला, आणि तो कुणासाठी होता तेही. पुतळा मात्र हसली. ती दोन पावलं पुढे आली, क्षिप्राबाईंच्या हनुवटीला तिने बोटं लावली आणि हळू आवाजात, जवळजवळ लाडाने, म्हटलं.

"वैरीन माजी ईन गो, पयला पान तिलाच वारा गो."

या वेळी हॉल नुसता उसळला. पहिलं पान वैरिणीला वाढा! जाहिदानेही टाळी दिली. इथे क्षिप्राबाईंनी थांबायला हवं होतं. हसायला हवं होतं, किंवा उलट एखादी ओळ फेकायला हवी होती, वाकडीतिकडी, कशीही. बायका त्याचीच वाट पाहत होत्या. असल्या गाण्यांत एकीने टोमणा मारायचा आणि दुसरीने तो परतवायचा. कुणी जिंकत नाही, आणि मग दोघी एका ताटात बसतात. क्षिप्राबाईंना हे माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती. त्यांना एवढंच कळलं, की एक सातवी पास बाई भरसभेत आपल्या हनुवटीला हात लावते आहे आणि आपली मुलगी हसते आहे.

मुलाकडच्या एका पोराने मागून ओरडून विचारलं, जे राहिला ना मॅडम, त्याला डबल मार्क ना? जे खरंच राहिला होता. शिवतेजच्या नावातलं शेवटचं अक्षर, फळ्याच्या टोकाला एकटं चिकटलेलं.

जे वापरून शब्द खूप होते. जॉब होता, जेट होता, जॅब होता, जोल्ट होता. ते सगळे क्षिप्राबाईंना पाठ होते, जाहिदालाही होते, आणि दर रविवारी आईशेजारी बसणाऱ्या अबोलीलाही. क्षिप्राबाईंनी जे उचलला, फळ्याच्या मधोमध लावला, त्यापुढे ए, आय आणि एल.

या शब्दाचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही.

पुतळा दोन पावलं मागे सरली. सतरंजीवरच्या म्हाताऱ्या बायकांपैकी एकीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. त्या गाण्यांत विहिणीला काहीही म्हणता येतं, तिच्या स्वयंपाकाला, नाकाला, चालीला. पण घरचं गेलेलं माणूस त्यांत कुणी आणत नाही. पंढरीच्या थोरल्या भावाचा फोटो मढव्यांच्या घरात देव्हाऱ्याशेजारी होता. त्याच घरात क्षिप्राबाई बसल्या होत्या, त्याच फोटोखाली त्यांनी चहा घेतला होता.

पंढरी भिंतीला टेकून उभे होते. दुखऱ्या पायावरचा भार त्यांनी दुसऱ्या पायावर घेतला.

"बरोबर हाय शब्द," ते म्हणाले. "लिवा. डबल मार्क द्या बाईंना."

मार्क लिहिणाऱ्या सबनीसांचा हात हलला नाही. मग क्षिप्राबाईंनीच मार्कर घेतला आणि स्वतः लिहिलं. आकडा मोठा दिसत होता. मुलाकडचं शून्य तसंच होतं.

त्यानंतर साखरपुडा झाला. कुणी उठून गेलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. गुरुजींनी मंत्र म्हटले, पुतळाने अबोलीला साडी दिली, ओटी भरली, साखर वाटली गेली. सगळं रीतसर झालं, फक्त एकही गाणं झालं नाही. साठ माणसं शिस्तीत जेवली, ताटात काही न टाकता उठली आणि निघताना प्रत्येकाने हात जोडले. क्षिप्राबाईंनी मनाशी म्हटलं, झाली की नाही तोंडं बंद. आता मुलीला दिसलं असेल.

मुलीला दिसलं होतं. घरी आल्यावर तिने बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या आणि आईसमोर उभी राहिली.

"जॉब होता ना," ती म्हणाली. "तुला तो आधी दिसला असणार. मला दिसला, तर तुला दिसलाच असणार."

क्षिप्राबाईंनी उलट तिलाच सुनावलं. त्या बाईने मला चारचौघांत काय काय म्हटलं ते नाही दिसलं तुला? माझ्या हनुवटीला हात लावला. वैरीण म्हणाली. अबोलीने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग तिने सांगितलं, की पुतळाकाकू गेला महिनाभर तिला फोन करून विचारत होत्या, तुझी आई कशावर चिडते, कशावर हसते, काय नेसते. गाणी त्यांना तुझ्यावर जुळवायची होती. ज्याला आपलं मानलं त्याच्यावरच त्यांच्यात गाणी म्हणतात, परक्यावर नाही.

"आता त्या तुला काही म्हणणार नाहीत, आई. काळजी करू नकोस."

"फार बरं झालं," क्षिप्राबाई म्हणाल्या. सुंभ जळला तरी पीळ जायचा नव्हता.

लग्नाला दोन महिने होते. त्या दोन महिन्यांत अबोली आईशी भांडली नाही, हेच वाईट होतं. भांडण झालं असतं तर क्षिप्राबाई जिंकल्या असत्या. ती जेवायला येई, काय हवं नको विचारी, आणि उरलेला वेळ फोन घेऊन खोलीत असे. आतून हसण्याचे आवाज येत. रविवारचा खेळ चालू होता, पण जाहिदाने येणं बंद केलं. गुडघा दुखतो म्हणाली. तिचा गुडघा कधी दुखला नव्हता. क्षिप्राबाई सगळे शब्द स्वतःच शोधायच्या आणि मार्कही स्वतःच लिहायच्या. फळ्यावरची अक्षरं लावताना त्यांचा हात जे पाशी आला की त्या तो परत डब्यात टाकायच्या. मुलं विचारायची, आज जे नाही का. त्या म्हणायच्या, हरवला.

रात्री डोळा लागायचा नाही तेव्हा त्यांच्या डोक्यात शब्द जुळायचे. या वेळी मराठी. हळदीला ती बाई गाणार, सगळं गाव गाणार, आणि या वेळी आपण गप्प बसायचं नाही. त्यांनी एक ओळ केली, ती मोडली, दुसरी केली. पुतळाच्या सोन्यावर एक झाली, तिच्या आवाजावर एक झाली. टोचणाऱ्या होत्या, पण आधीपेक्षा कमी. एकदा तर स्वतःची ओळ स्वतःलाच इतकी जमली, की अंधारात त्या हसल्या आणि शेजारी झोपलेल्या सबनीसांनी विचारलं, काय झालं. त्या म्हणाल्या, काही नाही, झोपा.

हळद दोघांची एकत्रच, शिरवण्यात ठरली होती. तिथे जायचं नाही असं क्षिप्राबाईंनी जाहीर केलं होतं. सबनीसांनी बूट घातले आणि म्हणाले, मी चाललो. एवढी वर्षं त्या माणसाने हो शिवाय दुसरा शब्द काढला नव्हता. क्षिप्राबाई बघतच राहिल्या, मग पर्स घेऊन त्याच्यामागे रिक्षात बसल्या. ओळी त्यांना पाठ होत्या.

शिरवण्यात मढव्यांच्या इमारतीपुढे अख्खा रस्ता अडवून मांडव घातलेला. माणसांची ही गर्दी, आणि बायका मधोमध रिंगण करून बसलेल्या. क्षिप्राबाई दिसताच पुतळा लगबगीने उठून आली, दोन्ही हात जोडले.

"या मॅडम, या. बसा."

त्यांना सोफ्यावर बसवलं. सतरंजीवर नाही. पुढ्यात पंखा लावला, थंड सरबत आलं, त्यांच्यासाठी वेगळा शाकाहारी स्वयंपाक आहे असं स्नेहलने अदबीने सांगितलं. कमतरता म्हणून कशाची ठेवली नाही. मग गाणी सुरू झाली.

पहिली आत्या सापडली. तिच्या वजनावर गाणं झालं, आणि ती हसत हसत उठून नाचली. मग सबनीसांचा नंबर लागला, मुका व्याही म्हणून. मग जाहिदा. तिचा गुडघा बरा होऊन ती सतरंजीवर मांडी घालून बसली होती. "बँकवाली बाय गो, नोटा मोजून थकली गो," असं पुतळाने म्हणताच जाहिदाने आपल्या कोकणी बोलीत काहीतरी असं परतवलं की बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. पुतळाने तिला कडकडून मिठी मारली. क्षिप्राबाई ओठांवर ओळ घेऊन बसल्या होत्या. आता माझी पाळी, आता माझी. गाणं मुलीच्या काकूवर गेलं, मामीवर गेलं, समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंवर गेलं. सोफ्याकडे ते वळलंच नाही.

शेवटी त्यांनीच हाक मारली. आवाज हलका ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला. "का हो, मिठाचं गाणं विसरलात का?"

पुतळा थांबली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. बाई मुळात मनाची कोती नव्हती. तिने सोफ्याकडे पाहिलं, मग पाटावर बसलेल्या अबोलीकडे वळली. अबोलीच्या गालांना, हातांना, गळ्याला हळद माखलेली होती, आणि आत्तापर्यंत ती सगळ्या गाण्यांना हसत होती.

"म्हनू का गो?" पुतळाने तिला विचारलं.

अबोलीने सोफ्याकडे पाहिलं. पाहिलं ते नीट पाहिलं, घाई न करता.

"नको, आई," ती पुतळाला म्हणाली. "त्यांना राग येतो."

बायकांनी पुढचं गाणं धरलं. स्नेहलने येऊन क्षिप्राबाईंचा ग्लास पुन्हा भरला आणि पंखा थोडा त्यांच्याकडे वळवून दिला.